मामाजींचा मुद्देमाल

कायद्याला आमचे मामाजी, म्हणजे माझे मामासासरे, जितके भितात तितका चंद्रपूर-गडचिरोलीतला एकही गुन्हेगार भीत नसेल. कोर्टात तीस वर्षं त्यांनी मुद्देमाल सांभाळला. पोलिसांनी जप्त केलेली वस्तू लिहून घ्यायची, कापडात बांधायची, वर लाखेचं सील ठोकायचं. त्यात जुगाराचे पत्ते सगळ्यात जास्त. निवृत्त होऊन कुरखेड्याला घरी बसले, पण सवय कुठली सुटते! मामींच्या बरण्यांनाही चिठ्ठ्या लागल्या: काय, किती, कोणासमक्ष. मामी वैतागून म्हणाल्या, "अवो, हे लोणचं हाय का आरोपी?"

असा माणूस रोज दुपारी तीनला मोबाइलवर लुडो खेळतो, हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. समोरचा खेळाडू कोण, तर त्यांचा सख्खा थोरला भाऊ, जिवतीचे निवृत्त मास्तर. आणि या दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं! मास्तरांनी पोराच्या लग्नाची पत्रिका घरी येऊन, कुंकू लावून द्यायची सोडून मोबाइलवर पाठवली होती. "मी का परका हावो?" म्हणून हे लग्नाला गेले नाहीत. "नाई आला तं नाई," म्हणून तेही फिरकले नाहीत. पुढे कधीतरी लुडोत गाठ पडली; पडद्यावर नाव-फोटो दिसतोच. समोर कोण आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक, पण आव असा की जशी ओळखच नाही. यांनी सोंगटी मारली की हसरा चेहरा पाठवायचा, तिकडून गुलाब यायचा. बस, एवढंच काय ते बोलणं. "फूल आलं का त्या दिवशी यायले भात जास्त लागते," असं मामी मला हळूच सांगायच्या.

मग पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. बातमी वाचून मामाजींनी लगेच चंद्रपूरला मला फोन लावला, कारण घरात वकील मी एकटाच.

"जावईबापू, खरं सांगा, मी जुगारी हाय का?"

"पैसे लावता का मामाजी?"

"नाई. रोज फुकट नाणी भेटते. पण एकदा संपली, आन् डाव अर्धा होता, तं एकोणतीस रुपयांची इकत घेतली."

"जिंकलेल्या नाण्यांचे रुपये होतात?"

"एक पैसा नाई."

"मग माझ्या मते तो जुगार नाही. जिंकलेलं खिशात यायला पाहिजे."

"आन् फासा? तो तं नशिबाचाच ना?"

अर्धा तास त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. शेवटी म्हणाले, "हे तुमचं मत झालं, कोर्टाचं नाई." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी या भल्या माणसानं स्वतःच्याच मोबाइलचा पंचनामा केला! मामी आणि शेजारच्या बाई पंच. मोबाइल बंद, कापडात बांधून, वर लाख. मामी हातापाया पडल्या, "अवो, तुमचे दादा वाट पाहतेन."

"कायदा कोणाची वाट नाई पाहत," मामाजी ऐटीत म्हणाले. पण तीन वाजले की ते झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेत. मामींनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं आणि रागही आला.

पाचव्या दिवशी त्यांची समजूत घालायला मी कुरखेड्याला गेलो. अंगणात बोलत होतो, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि मास्तर उतरले. जिवतीहून बस बदलत बदलत आले होते. सदऱ्याची बटणंही वरखाली लागलेली.

"काऊन खेळून नाई राह्यला रे?" ते फाटकातूनच ओरडले. "पाच दिवस झाले. फोन लावला तं बंद. मले वाटलं, गेला तू!"

"तो कायदा..." मामाजी कसंबसं म्हणाले.

"आग लागो तुह्या कायद्याले!" मास्तरांनी धाकट्याला जवळ ओढलं. मग दोघंही म्हातारे भर अंगणात लहान पोरांसारखे रडले.

मास्तर दोन दिवस राहिले. त्यांची बस नजरेआड झाली तरी मामाजी स्टँडवर उभेच होते.

"पंचाहत्तरीले आला गा माहा भाऊ," ते मला म्हणाले, "आन् एका पत्रिकेपायी मी त्याचे नऊ वर्षं घालवले."