कुकर आत, ड्रायर घरी

पंचवीस वर्षं मी कोल्ड स्टोरेजची दारं डिझाइन करतोय आणि माझ्या एकाही दारामागे आजवर कोणी अडकलेलं नाही.

(हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते घरात रोज ऐकवलं जातं.)

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने एक ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं घर: पलंग, शेगडी, हीटर, आणि शर्ट घालताना एक हात बाहेरच ठेवावा लागेल एवढं बाथरूम! माझी बायको सुलभा त्याला सवत म्हणते. इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या आमच्या ड्राइव्हवेवर ही सवत वर्षभर ताडपत्री पांघरून लोळत होती.

"मार्चमध्ये विकून टाकायचा," जानेवारीत सुलभाने जाहीर केलं.

"अगं, एक ट्रिप! थंडीतच तर खरी मजा!"

"बरं. एक वीकेंड. मला गरम जेवण मिळालं आणि माझे पाय गार पडले नाहीत, तर ठेवा. नाहीतर विकायचा."

झालं! माझ्यातला इंजिनियर खवळला. मी ट्रेलरची एकूण एक फट बुजवली. झरोक्यांत फोम, खिडक्यांवर बबल रॅप, त्यावर टेप, टेपवर पुन्हा टेप. मुंगीला आत यायचं तर अपॉइंटमेंट घ्यावी लागली असती! निघताना सुलभाच्या बॅगेतून हेअर ड्रायर डोकावला.

"हे कशाला? उगाच वजन!"

"आणि तो पाच लिटरचा कुकर काय कापसाचा आहे?"

कुकर आला. ड्रायर घरी राहिला.

विस्कॉन्सिनमधल्या गोठलेल्या तळ्याकाठी पहिली रात्र इतकी उबदार गेली, की सुलभा सकाळी चक्क हसली. मग ती आणि आमची सोळा वर्षांची इरा तळं बघायला बाहेर पडल्या. त्यांच्यामागे दार ओढून घेत मी म्हटलं, "अर्ध्या तासात या. गरम खिचडी तयार!"

कुकरच्या सहा शिट्ट्या केल्या. खिचडीला तीन पुरतात, पण आनंदात माणूस मोजतो का? ती सगळी वाफ त्या बंद डब्यात जाणार कुठे? भिंतींना घाम फुटला. छतावरून थेंब माझ्या टकलावर पडू लागले. पाणी ओघळत दाराच्या फटीत गेलं, बाहेरच्या थंडीला भेटलं आणि तिथेच कायमचं राहिलं!

टकटक.

"अहो, उघडा. पाय गारठले माझे!"

मी कडी फिरवली. खांदा लावला. दार ढिम्म!

"उघडत नाहीये गं! दार गोठलंय!"

"तुमचं काम काय आहे हो नक्की?" बाहेरून शांत आवाज आला.

आता पायांची अट बुडत होती, म्हणजे ट्रेलर बुडत होता. मी आणीबाणीच्या खिडकीकडे धावलो, स्वतःच लावलेला टेप दातांनी फाडला आणि बाहेर झेपावलो. डोकं निघालं, खांदे निघाले. पोट मात्र ट्रेलरमध्ये राहिलं. (आमचं कुठूनही निघणं नेहमी पोटापाशीच अडतं.) वरचा मी विस्कॉन्सिनमध्ये, खालचा मी कोकणात!

"बाबा, आर यू स्टक?" इराने फोन काढला. "डोन्ट मूव्ह!"

"हलता आलं असतं तर..."

तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधून मार्ज नावाच्या आजी आल्या. वय सहज ऐंशी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फर्स्ट विंटर, हनी?"

मग त्या सुलभा आणि इराला आपल्या ट्रेलरमध्ये घेऊन गेल्या, आणि परत आल्या त्या लांबलचक एक्स्टेन्शन कॉर्ड आणि गुलाबी हेअर ड्रायर घेऊन. दाराच्या कडेने त्यांनी तो असा फिरवला, जणू दाराचे केस सेट करतायत! दहा मिनिटांत दार उघडलं. सुलभा आणि इराही परत आल्या. दोघींनी माझे पाय आतून ओढले आणि मी बुचासारखा "पॉप" करून खिचडीजवळ पडलो.

जेवायला आजीही बसल्या. मार्जआजींनी तीनदा वाढून घेतलं. शेवटी मीच म्हटलं, "विकू या. मार्च कशाला, उद्याच जाहिरात देतो."

"का? जेवण गरम आहे," सुलभा म्हणाली. "माझे पाय मार्जच्या हीटरसमोर होते. तिच्या खिडकीतून सगळं तळं दिसतं, माहितीय? ती अकरा हिवाळे इथे येतेय. आपल्या खिडक्यांचं ते पार्सल सोडा आधी, झरोके उघडा. पुढच्या महिन्यात परत येऊ."

"म्हणजे ठेवायचा?"

"ट्रेलर ठेवायचा. तुमचं नंतर बघू."

आता आमच्या ट्रेलरच्या दारापाशी, आतून आणि बाहेरून, एकेक हेअर ड्रायर टांगलेला असतो. दोन्हींवर सुलभाने ठळक अक्षरांत माझं नाव लिहिलंय. अख्ख्या इलिनॉयमध्ये स्वतःचे दोन हेअर ड्रायर असलेला टकला मी एकटाच!