बाबांचा उजवा हात

बाबांचा उजवा हात आम्ही मारला.

अर्धा स्ट्रोकनं मारला होता. उरलेला मी आणि आईनं, अगदी प्रेमानं.

आज बाबांचं तेरावं झालं. सकाळपासून लोक "फार सेवा केलीस गं" म्हणतायत. मला ते ऐकवत नाही, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाबा इथे, हिंदी मुलखात, एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. बेअरिंगचं स्क्रेपिंग करायचे. शाफ्टला निळा रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा, आत जिथे रंग उमटेल तेवढाच धातू हातानं खरवडायचा. केसापेक्षाही कमी. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. जास्त गेलं की गेलं, परत लावता येत नाही.

इंजिनिअर घाई करायला लागले की बाबा म्हणायचे, "साब, रुकिए. हाथ को अभी जँचा नहीं."

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी त्याच हातातून चहाचा कप पडला.

हात मांडीवर नुसता पडून राहायला लागला. बोलणंही जड झालं, दोन-तीन शब्दांपुरतं.

घरी यायची ती फिजिओ आमच्या अयोध्या नगरचीच पोरगी. तिनं कागदावर मेंदू काढून दाखवला. कानापासून वर टाळूपर्यंत एक पट्टी. अंग हलवायचे हुकूम तिथून सुटतात. त्यात अख्ख्या पाठीला मिळाली नाही एवढी जागा एकट्या हाताला. किती पुढे न्यायचा, किती दाबायचं, कुठे थांबायचं, सगळं तिथून.

बाबांच्या नेमक्या त्या जागेवर डाग होता. हात शाबूत, पण त्याला सांगणारं कोणी नाही.

शेजारच्या पेशी ते काम शिकू शकतात, ती म्हणाली. पण काम दिलं तरच. आणि पहिले काही महिने सगळ्यात महत्त्वाचे.

म्हणून तिनं बाबांच्या धडधाकट डाव्या हातावर ओव्हनचा जाड ग्लोव्ह चढवला, उजव्यात चमचा दिला आणि ताट पुढे ठेवलं.

"आंटी, खाना गिरने दीजिए. गिरेगा तभी हाथ सीखेगा."

आणि वरण-भात सांडायला लागला. सदऱ्यावर, मांडीवर, चादरीवर. एका वाटीला सव्वा तास. आई पदर तोंडाला लावून आत निघून जायची.

मी आठवडाभर पाहिलं. मग एक दिवस मराठी मंडळाच्या काकू भेटायला आल्या. समोर बसल्या होत्या, आणि बाबांच्या हनुवटीवर भात.

मला लाज वाटली. दया वगैरे काही नाही. खोटं कशाला बोलू?

मी ग्लोव्ह काढला आणि चमचा माझ्या हातात घेतला.

बाबा म्हणाले, "मी करतो."

मी म्हटलं, "बाबा, हट्ट नका करू. आ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

डाव्या हातानं जेवलेलं आईला चालेना. माणूस आजारी असला तरी डावा हात ताटाला लागायला नको. म्हणून दोन्ही वेळा मी भरवायचे. काकूंनी मंडळाच्या ग्रुपवर माझं कौतुक लिहिलं आणि मला ते आवडलं. फिजिओ प्रत्येक वेळी टोकायची, म्हणून शेवटी तिचं येणंच बंद केलं.

बाबा पुन्हा कधी "मी करतो" म्हणाले नाहीत.

दुपारी मी ऑफिसला, आई जरा आडवी. संध्याकाळी बाबांच्या चादरीवर चुन्याचे कण असायचे. भिंतीला ओल आलीय म्हणून मी पेंटरवर चिडले. आईचा एक चमचा हरवला. तिनं भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं, ती बिचारी दोन दिवस रुसली.

मग दुसरा स्ट्रोक आला. त्यातून बाबा उठले नाहीत.

आज जेवणं उरकल्यावर खाट हलवली. चमचा खाली पडला.

भिंतीवर, गादीच्या जरासं वर, एरवी उशी-पांघरुणाआड झाकलं जायचं तिथे, बाबांचा उजवा हात पोचेल तेवढ्या जागेत ओरखडेच ओरखडे होते. खालचे वेडेवाकडे, कुठे खोल खड्डा, कुठे नुसतीच घसरलेली रेघ. वर जाताना ते लहान होत गेलेत. सगळ्यात वरची ओळ तिरकी, एकसारखी. तिला छेदून उलट्या बाजूनं तिरकी दुसरी.

स्क्रेपिंग असंच करतात. लहानपणी त्यांनीच मला दाखवलं होतं.

हात शिकत होता. रोज दुपारी, आमच्यापासून लपून. आम्हाला कळलं असतं तर आम्ही तो चमचाही काढून घेतला असता.

आणि मी रोज दोन्ही वेळा त्या हाताला शिकवत होते की तुझं काही काम नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर सांडू द्या. पाहवत नसेल तर उठून बाहेर जा.

पेंटर उद्या येणार होता. त्याला नको सांगितलंय.

बाबा, तुम्ही करा. आता मी मध्ये येत नाही.

तुम्हाला आणि तुमच्या उजव्या हाताला, श्रद्धांजली.