हरबा मास्तरांचे विमान

माणसाने आकाश प्रथम जिंकले ते मुळशीच्या मातीतून. पौडच्या एसटी स्टँडजवळच्या फलकावर असे लिहिले आहे. खालचा बाण सार्वजनिक शौचालयाकडे आहे, कारण वाऱ्याने फलक फिरला आहे.

रिक्षावाल्याला मी ‘विमानवीर संग्रहालय’ असे सांगितले. “सोपानतात्यांकडं? मग तसं म्हना की,” तो म्हणाला. आम्ही रिहे खोऱ्यात शिरलो. खाचरांतला भात कापून झाला होता, बांधापलीकडे फार्महाउसची फाटके होती. गावाचे नाव देत नाही. कारण पुढे येईलच.

संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेची एकच दगडी खोली. हरबा मास्तर सव्वाशे वर्षांपूर्वी दिवसा इथे शिकवत आणि शाळा सुटल्यावर इथेच विमान बांधत. त्यांचे नातू सोपानराव आता सत्तरीत आहेत. रोज सकाळी तेच कुलूप उघडतात आणि झाडू मारतात.

विमान मात्र पाहण्यासारखे आहे. बांबूच्या कांबींचा सांगाडा आणि त्यावर ताणलेली पासोडी (जाड सुती पांघरूण). इरले (भातलावणीत पावसापासून पाठीवर घ्यायचे झापड) विणतात तसे ते विणले आहे. या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वीण, मध्ये सांधा नाही.

“येक कांब काढली तर समदं सुटंल,” सोपानराव म्हणाले. “त्या बांधावरनं उडालं आन् वढ्यापल्याड उतारलं.”

“कोणी पाहिलं?”

“समद्या गावानं.”

“त्यांतलं आता कोणी आहे?”

“कसं आसंल?”

त्यांचे लक्ष माझ्यापेक्षा वाटेकडे जास्त होते. ग्रामपंचायतीला ही खोली व्यायामशाळेसाठी हवी होती. विमान आजच देवळाच्या सभामंडपात नेऊन छताला टांगायचे होते.

“तितं लई कबुतरं हायेत,” ते म्हणाले. “वर्साच्या आत पासोडीची चिंधी व्हईल.”

त्यांनी मला इंद्रायणीचा भात आणि वाटाण्याची झणझणीत आमटी वाढली. स्वतः जेवले नाहीत.

तीनच्या सुमारास सरपंच सुनीताताई दहा गडी घेऊन आल्या. “तात्या, भाताची झोडनी अर्धी टाकून आलोय. आटपा.”

विमान उचलले गेले. आधी डावा पंख दाराला अडला. ते फिरवले, तर उजवा अडला.

“तिरपं करा!”

“आरं शेपटी बघ, शेपटी!”

मीही हात लावला आणि माझ्या घड्याळाने पासोडी बोटभर फाडली. “पाव्हनं, तुमी भाईर उभं ऱ्हावा,” कोणीतरी म्हणाले. अर्ध्या तासाने विमान पुन्हा जागेवर आले.

सुनीताताईंनी दार पाहिले, मग विमान पाहिले. “तात्या, मास्तरांनी ह्ये भाईर काढलं कसं?”

मग एक गडी म्हणाला, “पहिलं दार मोठं आसंल. मागनं बुजवलं आसंल. पहार आनतो, भित फोडू. व्हय ना तात्या?”

तात्यांनी ‘व्हय’ म्हटले असते तर उड्डाण वाचले असते, भिंत पडली असती आणि विमान कबुतरांकडे गेले असते. ते पंखावरून हात फिरवत राहिले.

“दार हेच व्हतं,” ते म्हणाले. “भितीला कवा कुनी हात लावला न्हाई.”

“म्हंजी मास्तर...” गडी सुरू झाला.

“गप. चला झोडनीला,” सुनीताताई म्हणाल्या, आणि सगळे गेले.

सोपानरावांनी सुईदोरा आणला. मी फाडलेली पासोडी शिवता शिवता ते म्हणाले, “लिवनार आसाल तर गावाचं नाव घालू नका.”

परतताना वाटले, त्या काळातली उडालेली बहुतेक विमाने कुठे ना कुठे पडून मोडली असतील. हे शाबूत आहे. पौडला उतरल्यावर मी फलक जमेल तेवढा सरळ केला. मजकुराला हात लावला नाही.

महिन्याभराने सोपानरावांनी ग्रामसभेच्या ठरावाचा फोटो पाठवला: ‘सदर विमान जागचे हलत नसल्याने खोली संग्रहालयाकडेच राहील.’