हिमस्खलनाला नशीब म्हणू नका

ज्या बेटावर थंडी वाजायला मॉलमध्येच जावं लागतं, तिथून आम्ही चौघं स्की घेऊन निघालो. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर लोक आमच्या जाडजूड बुटांकडे पाहून हसत होते. जपानच्या होक्काइदो बेटावर, आखलेले उतार सोडून, मोकळ्या डोंगरात स्की करायची होती. मी शहराच्या आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर. मुग्धा माझी पुण्याची मैत्रीण, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करते. हिमस्खलनाचं रीतसर प्रशिक्षण आमच्यात तिचंच झालेलं. वेलिंग हौगांग भागातल्या शाळेत शिक्षिका. आणि सहल नेणारा केल्विन. स्थानिक वाटाड्या त्याने घेतलाच नव्हता. "मला तो डोंगर पाठ आहे," म्हणाला.

आम्ही एका लहानशा सराईत उतरलो. सकाळी भात, भाजलेला मासा आणि वाफाळतं मिसोशिरू (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) समोर आलं. वाढता वाढता ओकामी (सराईची मालकीण) फोनवरची सूचना दाखवू लागल्या: पुष्कळ नवा बर्फ, जोराचा वारा, वाऱ्याआडच्या उभ्या उतारांवर जाऊ नका. खिडकीतून बोट दाखवत म्हणाल्या, "आज झाडीतच फिरा."

"रोज असंच सांगतात, लाह," केल्विन अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाला.

मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून आम्ही चढू लागलो. भूर्जाची झाडं, त्यामागे धुरकट निळा डोंगर. इतकी शांतता मी सिंगापुरात कधी ऐकली नव्हती. झाडी संपताच पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज झाला आणि स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग पुढे पळत गेली.

मुग्धा जागच्या जागी थांबली. "निखिल, पुढे येऊ नकोस. खालचा थर खचलाय. वरची बर्फाची लादी कधीही सुटेल." मग केल्विनला इंग्रजीत तेच सांगितलं. "झाडीतून उतरू या."

"पुस्तकं फार वाचतेस तू," तो हसला. "आधी गेलेल्यांच्या स्कीच्या खुणा दिसत नाहीत? वेलिंग, चल माझ्यामागे."

"वेलिंग, नको जाऊस!" मुग्धा ओरडली. वेलिंग घुटमळली. पण सहल त्याची, अनुभव त्याचा. ती गेली. असा उतार एकेकाने पार करायचा असतो, एवढंही त्याने पाळलं नाही.

दोघं मध्यावर पोचले आणि अख्खा उतार काचेसारखा तडकला. केल्विन कडेला फेकला गेला. वेलिंग दिसेनाशी झाली.

वरचा सगळा बर्फ खाली आलाय याची खात्री करून मुग्धा खाली धावली, मागोमाग मी. आमच्या गळ्यातली बीकन यंत्रं गाडलेल्याच्या यंत्राचा संदेश पकडतात, पण आमची भलतीकडेच ओढत होती. केल्विनचं यंत्र अजून संदेश सोडत होतं!

"शोधावर टाक ते!" मुग्धा किंचाळली. कोणतं बटण दाबायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. मी ते हिसकावून घेतलं आणि बंद केलं.

मग खूण मिळाली. लांब सळई खुपसली, मऊ काहीतरी लागलं. फावड्यांनी आम्ही वेड्यासारखे उपसत सुटलो. आधी हातमोजा दिसला, मग केस. चेहरा जांभळा पडला होता. मुग्धाने तोंडातला बर्फ बोटाने काढला. वेलिंग खोकली. तो खोकला ऐकून मी रडलो.

वेलिंगचं मनगट मोडलं होतं. इस्पितळाच्या बाकावर केल्विन म्हणाला, "हे कोणाला कळणार होतं? नशीब." ओकामींनी सांगितलं, पायाखालच्या बर्फाने सांगितलं, मुग्धाने ओरडून सांगितलं. आणखी कोणी सांगायला हवं होतं?

परतल्यावर काही आठवड्यांतच त्याने एका काँडो संकुलाच्या हॉलमध्ये पुढच्या सहलीची सभा ठेवली. पडद्यावर शुभ्र उतार, खाली 'खरं धाडस'. अपघाताचा उल्लेख एका वाक्यात: "थोडं बॅड लक होतं." मी तडक उठलो, पण वेलिंग माझ्याआधीच उभी होती, हात प्लास्टरमध्ये.

"बॅड लक नव्हतं," ती म्हणाली. "मुग्धा नको म्हणाली, तू चल म्हणालास. बर्फाखाली मला ओरडताही येत नव्हतं. मी वाचले, म्हणून तू सुटलास असं नाही."

मागून कोणीतरी विचारलं, "या वेळी गाइड आहे?" केल्विनने घाईने पुढची स्लाइड लावली. लोक उठून आमच्याभोवती जमले आणि मुग्धाला विचारू लागले, हे प्रशिक्षण कुठे मिळतं?

मी पुन्हा बर्फात जाईन. डोंगरावर माझा राग नाही. तो मोकळेपणाने धोका सांगतो. राग आहे तो ऐकूनही दुसऱ्याचा जीव पणाला लावणाऱ्यांवर. तो निवळावा असं मला वाटतही नाही.