चाकांवरच्या केबिनी

माझ्या बाबांना बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत दार काही मिळालं नाही. हॉलमध्ये फाइलींच्या कपाटामागे त्यांचं टेबल. केबिन एका प्रमोशनवर अडलेली, आणि ते प्रमोशन दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी पदरात पडायचं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवताना हा विषय निघाला की आई त्यांना आणखी आमटी वाढायची.

आणि मी, त्यांची इंटिरियर डिझायनर लेक, गुडगावात बिनदाराचं ऑफिस करायला निघाले! नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या. माझं पहिलंच स्वतंत्र काम. परदेशातून परतलेल्या मालकांनी बजावलं होतं, "केबिन-वेबिन कुछ नहीं. सब खुला!" जमलं तर वरच्या दोन मजल्यांचं कामही माझं, नाही जमलं तर त्यांचा मेहुणा टपलेलाच होता.

मी डोकं लढवलं. मधोमध सगळ्यांचं मोठं गोल टेबल आणि भिंतीशी चाकांवरची, घडीची बारा पार्टिशनं. एकांत हवा, ओढून घ्या. काम झालं, परत भिंतीशी.

"दार नाही ते ऑफिस कसलं? धर्मशाळा ती!" बाबा म्हणाले.

असा राग आला मला! म्हटलं, या आणि बघाच. ऑफिस सुरू होऊन आठवडा झाला होता आणि मालक दुपारी तीनला पाहणीला येणार होते. त्या दिवशी बाबांनी चक्क अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

आम्ही आत शिरलो. हॉल गायब! बारा केबिनी. प्रत्येकीवर नावाची पाटी, आत खुर्चीच्या पाठीवर सरकारी साहेबांसारखा पांढरा टॉवेल. एकाने तर चाकांना विटा लावल्या होत्या. ज्याला पार्टिशन मिळालं नव्हतं त्याने फ्रिजचं खोकं उभं केलं होतं, आणि त्यालाही पाटी! गोल टेबलावर नुसते जेवणाचे डबे.

"मॅडम, एक-दो और मँगवा दो ना," खोक्यामागून आवाज आला.

मेले मी, म्हटलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं. बाबा मात्र लग्नातला आहेर बघावा तशी एकेक पाटी वाचत फिरत होते.

"एक जाड रजिस्टर आण," ते म्हणाले.

"बाबा, साडेबारा वाजलेत. चेष्टा नको."

"अगं, आण तर! सरकारात मी माश्या नाही मारल्या."

त्यांनी फूटपट्टीने रकाने आखले: नाव, एकांताचं कारण, किती वाजेपर्यंत, सही. रजिस्टर गोल टेबलावर ठेवलं, त्याला दोरीने पेन बांधलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "पार्टिशन चाहिए तो एंट्री कीजिए. कारण साफ-साफ लिखिए. साहब तीन बजे देखेंगे."

सगळे रजिस्टरभोवती जमले. एकांताचं कारण, तेही लेखी! एकाने 'चिंतन' लिहिलं आणि खोडलं. दुसरा पेन धरून पाच मिनिटं छताकडे बघत राहिला आणि निमूटपणे पार्टिशन ढकलत भिंतीशी गेला. विटा कधी बाहेर गेल्या ते कळलंही नाही. दोनपर्यंत गोल टेबल भरलं, कामाची बोलणी सुरू झाली. दोघांना ग्राहकांशी फोनवर शांतपणे बोलायचं होतं. त्यांनी तसं लिहून पार्टिशनं नेली.

तीनला मालक आले, फिरले, रजिस्टर चाळून खदखदून हसले. "बहुत बढ़िया! ऊपर भी यही करना." मेहुण्याचं नावसुद्धा निघालं नाही. मला तिथेच नाचावंसं वाटलं. बाबांना सांगायला वळले तर बाबा कुठेच नाहीत.

खिडकीपाशी एक पार्टिशन ओढलेलं दिसलं. मी रजिस्टर पाहिलं. शेवटची नोंद बाबांच्या अक्षरात, मराठीत. किती वाजेपर्यंत: साडेतीन. कारण: हौस.

मी ओढणी सारखी केली, पार्टिशनवर टकटक केलं आणि विचारलं, "सर, आत येऊ का?"

आत खुर्ची करकरली. बाबा खाकरले.

"दोन मिनिटं बाहेर थांबा," ते म्हणाले. "मी कामात आहे."

मी थांबले.