जिंतूर ते युरोप, व्हाया आफ्रिका

आमचे कंडक्टर सर जगाचा नकाशा भिंतीवर टांगत नसत, फरशीवर अंथरत. चपला दाराशी काढून आम्ही त्यावर रांगेनं चालायचो आणि सर डस्टरनं टेबल ठोकून गाडी सोडायचे. "सरका, आत सरका. मुंबईवाले पुढं या, बोट सुटायलीय." परभणीहून जिंतूरला रोज एसटीनं येऊन त्यांची जीभच तशी वळली होती.

शिकवायचे मराठी. एका थोर लेखकानं बोटीनं जग पाहिलं, त्याचा धडा आम्हाला होता. सरांनी जुन्या मासिकांतून त्या काळच्या बंदरांचे फोटो कापून बियाण्याच्या खोक्यांवर चिकटवले होते. फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला, "इथं उतरल्यावर पाणी कुठं प्याल?" मी एकदा समुद्राकडं बोट दाखवलं. "प्या," सर म्हणाले, "अन् पुढचा प्रवास परसाकडंच करा."

नकाशाला वाळवी लागली होती. तांबडा समुद्र, सुएझ, सगळं फस्त. त्या भोकाशी सर हात आडवा धरायचे. "पुढं रस्त्याचं काम चालू हाय. गाडी आफ्रिकेला वळसा घालून जाईल." पोरं हसायची. मीही हसायचो, पण खरं मानून हसायचो.

पुढं मीच मास्तर झालो, येलदरीकडच्या एका शाळेत. सर निवृत्त झाले तेव्हा नकाशा आणि फोटोंची पेटी माझ्याकडं आली. मग शाळेत डिजिटल पडदा आला आणि केंद्रप्रमुख म्हणाले, जुनं सामान भंगारात काढा. मी म्हटलं, साहेब, आधी एक पाठ बघा. जमला तर पेटी राहील, नाही तर जाईल, असं ठरलं. सरांनाही बोलावलं. मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले.

पाठ रंगला. पोरं भोकापर्यंत आली आणि मी रुबाबात सांगितलं, "तेव्हा सुएझचा कालवा खणणं चालू होतं, म्हणून लेखकांना आफ्रिकेचा वळसा पडला."

"गुरुजी," साहेब म्हणाले, "तो कालवा तुमच्या लेखकांच्या जन्माआधीचा आहे." पडद्यावर बोटीची रेघ सुएझमधून सुतासारखी सरळ गेली. पोरं माझ्याकडं बघत होती, मी भोकाकडं.

सर उठले. पेटीतून एक फोटो काढला. अरुंद पाणी, मधून बोट, काठावर उंट.

"हे काय हाय?"

"सुएझचा कालवा."

"लेखकाच्या वाटेवरचा म्हणून मीच दाखवला होता ना तुला?"

"हो सर. बोट हळू चालते, उंट पुढं निघून जातो, असं म्हणाला होतात."

"मंग आफ्रिकेत खामखा कशाला गेलास, लेका? फोटो डोळ्यानं बघितलास अन् नकाशा पायानं. दोन्ही मिळून कधी बघायचं?"

मग साहेबांकडं वळले. "साहेब, पोरगं ढ हाय, यात पेटीचा गुन्हा न्हाई. पडदाबी ठेवा, पेटीबी ठेवा. एकाची थाप दुसरं धरतंय."

साहेबांना हसू आवरेना. पेटी राहिली.

सर जाताना नकाशा घेऊन गेले. परत आला तेव्हा भोकाला त्यांच्या जुन्या सदऱ्याचं ठिगळ होतं. त्यावर निळ्या पेनानं कालवा, काठावर उंट. उंट शेळीसारखा दिसतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत सर गेले.

आता पोरं सदऱ्यावरून थेट युरोपात उतरतात. मी मात्र तिथं आलो की पाय उचलतो आणि वळसा घालतो. "सर, तिकडून कुठं?" पोरं विचारतात.

"रस्त्याचं काम चालू हाय," मी सांगतो.

परवा एक पोरगी पेटीकडं गेली, उंटाचा फोटो काढला आणि आणून माझ्या नाकासमोर धरला.