वाचल्याशिवाय पुस्तक काढायचं नाही

आमच्या शाळेच्या अलमारीवरून जो तमाशा झाला त्याचा दोष आबासाहेबांचा. आबासाहेब म्हणजे माझे सख्खे चुलते. थोरल्यांबद्दल असं लिहू नये म्हणतात. न लिहून तरी कोणता थोरला सुधारलाय? आणि असले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पुस्तकांची एक अलमारी आणि न वाचणारी चार मोठी माणसं एका गावात ठेवा, आपोआप साठतात.

गाव गेवराईहून बीडला जाणाऱ्या रस्त्यावरचं. शाळा मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली, शिकणं सगळं उर्दूत, मराठीचा एकच तास. तो तास घेणाऱ्या विष्णू मास्तरांकडं अलमारीची किल्ली. मास्तर पुण्याहून पार्सलनं पुस्तकं मागवायचे. पार्सल फुटलं की आठवड्याच्या आत कुणीतरी शाळेत हजर: हे पुस्तक काढा, पोरं बिघडतील. शेवटी मास्तरांनी एक नियम केला, सदर मुदर्रिस म्हणजे हेडमास्तरांचं दस्तखत घेतलं आणि भिंतीला लावला. ज्याला पुस्तक काढायचंय त्यानं ते आधी पूर्ण वाचायचं. मग हरकतीच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहायचं, कोणत्या पानावर कोणतं वाक्य वाईट. वाक्य सापडलं तर पुस्तक बाहेर. नाही सापडलं तर हरकत रद्द.

नियम साधाच होता. गावाला फार जड गेला.

* * *

पहिले आले जोशीबुवा. ग्रहण राहू-केतूमुळं नाही, सावलीमुळं लागतं असं सांगणारं एक पुस्तक आलं होतं. बुवा नुसतं चित्र बघूनच तापले. मास्तरांनी वही पुढं केली नाही, पुस्तकच हातात दिलं.

पंधरा दिवस झाले तरी बुवा येईनात, तेव्हा मास्तर स्वतः गेले. बुवा ओट्यावर बसलेले, एका मांडीवर पंचांग, दुसऱ्या मांडीवर ते पुस्तक. पुस्तकाच्या शेवटी पुढच्या ग्रहणांचा तक्ता होता.

"हरकत लिहायची ना, बुवा?"

"लिहू की. आधी तक्ता तर उतरून घेऊ द्या."

पुढचं ग्रहण बुवांनी घटकेचाही फरक न पडता सांगितलं. श्रेय आजोबांच्या पोथीला दिलं.

* * *

मग जिल्ह्याहून तालिमातीचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब मुआयन्याला, शाळा तपासायला आले. त्यांना मराठी वाचता येत नव्हती, म्हणून संशय मराठी पुस्तकांवरच. त्यांनी एक पातळ पुस्तक उचललं, यात काय म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, पटकीच्या दिवसांत विहिरीचं पाणी उकळून प्यावं, असं लिहिलंय. साहेबांचं म्हणणं पडलं, विहीर सरकारी आहे. सरकारी पाणी खराब म्हणणं ही सरकारची बदनामी झाली.

आमचे सदर मुदर्रिस हैदराबादचे. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हुजूर, हरकत जरूर लिहा. तोवर त्याच विहिरीचं पाणी मागवतो."

त्या आठवड्यात शेजारच्या गावात पटकी चालू होती. पेला आला. साहेबांनी पेल्याकडं पाहिलं, मंजुरीची मोहर काढली आणि पुस्तकावर मारली. पाणी तसंच राहिलं.

* * *

चौसाळ्याकडच्या एका देशमुखांनी वारलेल्या वडिलांची पुस्तकं पेटीभरून शाळेला दिली होती. त्यांच्या नावाची पाटीही लावली. पुढं कुणीतरी त्यांना सांगितलं, शाळेत लावण्यांचं बाड आहे. देशमुख घोडं दामटत आले. शाळेत असली घाण ठेवणाऱ्याच्या बापाला काही लाज होती का, असं वर्गात सगळ्यांसमोर बोलले.

मास्तरांनी बाड उघडून समोर ठेवलं. पानापानावर त्यांच्याच वडिलांच्या हाताचा शेरा होता: उत्तम.

* * *

शेवटी आबा. विधवेच्या दुसऱ्या लग्नाचं एक पुस्तक आलं होतं. ते काढायचं आणि त्याच्यासोबत मास्तरांचीही बदली करायची, असं आबा चावडीत बोलून बसले. सुभ्याच्या कचेरीपर्यंत ओळखी होत्या, करूनही दाखवलं असतं. फक्त नियमाप्रमाणं हरकत खरी ठरायला हवी होती.

अडचण एकच. आबांना मोडी येत होती, छापील बाळबोध अक्षर लागत नव्हतं. गावाला हे ठाऊक नव्हतं. म्हणून पाच दिवस, दुपारी जेवण झालं की, मी पुस्तक वाचायचं आणि आबांनी लोडाला टेकून, डोळे मिटून ऐकायचं. कानानं जड. "मोठ्यानं वाच बे," म्हणायचे. मी मोठ्यानं वाचायचो. सगळं घर ऐकायचं.

दाराआड अक्का बसायची. माझी थोरली बहीण, चौदाव्या वर्षी विधवा झालेली. खालच्या आळीत विधवेचा पाट लावतात. आम्ही मोठ्या घरचे, आमच्यात लावत नाहीत. मोठेपणा आबांचा, भोगायचं अक्कानं.

त्रेपन्नाव्या पानावर सासरा आणि दीर मिळून ठरवतात की सुनेनं जन्मभर इथंच राहावं. मी पान उलटायला थांबलो. दाराआडून अक्का मोठ्यानं म्हणाली, "तिला कुणी विचारलं का?"

आबांनी डोळे उघडले नाहीत. घरातली बाई त्यांच्यासमोर कधी बोललीच नव्हती. त्यांच्या लेखी तो आवाज पुस्तकाचाच. "हं, पुढं," म्हणाले.

सहाव्या दिवशी शाळेत अर्धा गाव जमला. आबांनी वहीत झोकात मोडी लिहिली: पान त्रेपन्न, वाक्य, तिला कुणी विचारलं का. मग लोकांकडं वळून म्हणाले, "उद्या आमच्या घरातल्या बाया बी असंच इचारतील. मंग?"

मास्तरांनी त्रेपन्नावं पान वाचलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं.

"आबासाहेब, हे वाक्य पुस्तकात नाही."

"न्हाई कसं? म्या या कानांनी ऐकलंय."

ऐकलंय म्हटल्यावर मागं कुणीतरी हसलं. आबा लालबुंद झाले आणि माझ्याकडं वळले. "सांग रे. तूच वाचलंस ना? कुठं हाय ते?"

"पुस्तकात नाही, आबा," मी म्हणालो. "वाचताना मीच मधी घातलं."

हरकत रद्द झाली. पुस्तक अलमारीत गेलं, मास्तर शाळेत राहिले. दुसऱ्या दिवशी आबांनी माझं नाव शाळेतून काढलं. मिडलच्या इम्तिहानाला, म्हणजे परीक्षेला, दोन महिने राहिले होते.